'तो दिवस' आणि तपासाचा काळ : 'अंद नाळ' (१९५४) या मद्रासच्या रहस्यपटाचा विचार

१

गतकाळात घडणारी गुप्तहेरकथा हा प्रकार आज वाचकापेक्षा प्रेक्षकाला अधिक परिचित आहे. १९८९ ते २०१३ या कालखंडात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सादर झालेल्या प्वारोच्या कथा, किंवा शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांवरून बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेली आणि १९९३ मध्ये व पुन्हा १९९७ मध्ये प्रसारित झालेली 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका, ही या प्रकाराची ठळक उदाहरणे होत. मराठी प्रेक्षकाने ब्योमकेश पाहिला तो हिंदीतून. रजित कपूर यांच्या ब्योमकेशाबरोबर सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती त्याच्या घरात आली आणि वसाहतकालीन कलकत्त्याचे वातावरणही आले. त्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' या मालिकेने त्याला पोलीसतपासाची गोडी लावली होती. परंतु तिचा काळ प्रेक्षकाच्याच वर्तमानाचा होता. भूतकाळातील तपास ही ब्योमकेशाने दिलेली नवी चव होती.

या प्रकारच्या कलाकृतींची चिकित्सा करताना समीक्षेचे लक्ष बहुधा काळाच्या तपशिलाकडे जाते. धोतराची नेसण, लाकडी जिना, कंदील, दूरध्वनीची पेटी यांतून काळ किती प्रामाणिकपणे उभा राहिला, याची मोजदाद होते. ही मोजदाद निरर्थक नाही. मात्र ती एक अधिक मूलभूत प्रश्न मागे ठेवते. रहस्यकथेत गतकाळाचे कार्य कोणते? तो केवळ नेपथ्य आहे, की गुन्ह्याचे कारण त्या काळातच दडलेले आहे? आणि गुन्ह्याचा शोध घेणारा माणूस त्या काळात कोणाच्या वतीने सत्य शोधतो? या प्रश्नांचा विचार मद्रासमध्ये १९५४ साली निघालेल्या 'अंद नाळ' या तमिळ चित्रपटाच्या आधारे येथे करावयाचा आहे. हा चित्रपट आहे, मालिका नव्हे. आणि तो ज्या काळाकडे मागे वळून पाहतो तो त्याच्यापासून अवघ्या साडेदहा वर्षांच्या अंतरावरचा आहे. तथापि नेमक्या याच कारणांमुळे या प्रकाराची घडण त्यात अधिक उघडपणे दिसते.

२

'अंद नाळ' या शीर्षकाचा अर्थ 'तो दिवस'. ए. व्ही. मेय्यप्पन यांच्या एव्हीएम संस्थेने निर्मिलेल्या आणि एस. बालचंदर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे प्रदर्शन १३ एप्रिल १९५४ रोजी झाले. पटकथा जावर सीतारामन यांची आहे. ११ ऑक्टोबर १९४३ रोजी जपानी विमानाने मद्रासवर बॉम्ब टाकले. त्याच्या दुसऱ्या दिवशी राजन हा रेडिओ अभियंता आपल्या घरात गोळी लागून मरण पावतो. चित्रपटाचा प्रारंभच या गोळीने होतो. राजनची भूमिका शिवाजी गणेशन यांनी केली आहे. तमिळ चित्रपटाचा नायक पहिल्याच क्षणी कोसळतो आणि यापुढे तो प्रेक्षकाला इतरांच्या कथनांतूनच भेटतो.

गुन्हे अन्वेषण विभागाचा अधिकारी शिवानंदम तपासासाठी येतो. ही भूमिका स्वतः जावर सीतारामन यांनी वठवली आहे. म्हणजे ज्याने पात्रे लिहिली तोच पडद्यावर त्यांची उलटतपासणी घेतो. शेजारी चिन्नैया पिळ्ळै राजनच्या धाकट्या भावाकडे, पट्टाभीकडे बोट दाखवतो. पट्टाभीचा संशय आपल्या पत्नीवर, हेमावर आहे. हेमा राजनच्या प्रेयसीचे, अंबुजमचे नाव घेते. अंबुजम संशय चिन्नैया पिळ्ळैकडे वळवते. अशा रीतीने संशयाचे वर्तुळ जेथून निघाले तेथे येऊन मिटते, आणि राजनची पत्नी उषा त्या वर्तुळाच्या बाहेर राहते. पंढरीबाई यांनी साकारलेली ही उषाच अखेरीस मारेकरी ठरते. राजन युद्धकाळात रेडिओच्या साहाय्याने देशाची गुपिते जपानला विकत होता, हे तिला कळलेले असते.

कथानकाच्या या रूपरेषेवरून एक गोष्ट ध्यानात येते. भावाला पैसा हवा आहे, भावजयीच्या मनात आकस आहे, प्रेयसीला आपली प्रतारणा झाल्याचे वाटते, शेजाऱ्याच्या मनात असूया आहे. हे सर्व हेतू कोणत्याही काळात, कोणत्याही शहरात संभवतात. ते कौटुंबिक आहेत आणि म्हणून कालनिरपेक्ष आहेत. उषाचा हेतू मात्र ऑक्टोबर १९४३ मधील मद्रासखेरीज अन्यत्र उद्भवणे शक्य नाही. म्हणजेच चित्रपट प्रेक्षकापुढे चार कालनिरपेक्ष हेतू ठेवतो आणि ते चारही फोल ठरवून पाचवा, काळाने घडवलेला हेतू खरा मानतो. शीर्षकातील 'तो दिवस' हा अशा रीतीने गुन्ह्याच्या उत्तराचाच भाग होतो. बॉम्बहल्ल्याचा उल्लेख आरंभी वातावरणनिर्मितीसाठी आला आहे असे समजणारा प्रेक्षक शेवटी फसतो; कारण उत्तर त्याच्यासमोर पहिल्यापासून होते, त्याने ते नेपथ्य समजून बाजूला ठेवले होते.

३

'अंद नाळ'चा उल्लेख सामान्यतः अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' (१९५०) या चित्रपटाचा तमिळ अवतार म्हणून केला जातो. या संबंधाला आधार आहे. जानेवारी १९५२ मध्ये भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला आणि त्याद्वारे 'राशोमोन' येथील चित्रपटकारांपर्यंत पोहोचला. बालचंदर यांनी त्या प्रभावातून प्रथम एक नाटक लिहिले, ते आकाशवाणीने नाकारले आणि मग ती कल्पना मेय्यप्पन यांच्याकडे गेली, असा या चित्रपटाचा इतिहास सांगितला जातो. अँथनी अ‍ॅस्क्विथ यांच्या 'द वुमन इन क्वेश्चन' (१९५०) या ब्रिटिश चित्रपटाशीही त्याचे साम्य दाखवले गेले आहे. तेथे खून झालेल्या एका स्त्रीचे चित्र पाच जणांच्या सांगण्यातून पाच प्रकारे उभे राहते.

तथापि प्रभावाची नोंद करून थांबणाऱ्या तौलनिक अभ्यासाच्या हाती फारसे काही लागत नाही. 'राशोमोन'मध्ये दरोडेखोर, पत्नी आणि माध्यमाच्या मुखातून बोलणारा मृत सामुराई हे तिघेही मृत्यूचे कर्तेपण स्वतःकडे घेतात. दरोडेखोराला आपला पराक्रम सांगावयाचा आहे, पत्नीला आपली विटंबना, सामुराईला आपली मानमर्यादा. प्रत्येकाचे असत्य हे स्वतःची प्रतिमा राखण्यासाठी आहे आणि त्यासाठी खुनाचा आळही त्याला चालतो. 'अंद नाळ'मधील माणसे याच्या नेमके उलट वागतात. ती कर्तेपण पुढच्याकडे ढकलतात. जपानी चित्रपटात सत्य अनेक होते. तमिळ चित्रपटात अनेक होतो तो संशय, आणि सत्य एकच राहते. कुरोसावांच्या चित्रपटात चौकशी करणारा न्यायाधिकारी पडद्यावर दिसतच नाही, साक्षीदार थेट प्रेक्षकाकडे तोंड करून बोलतात आणि निवाडा प्रेक्षकावर सोडला जातो. बालचंदर यांच्या चित्रपटात ती रिकामी जागा शिवानंदमने भरली आहे. प्रेक्षकाच्या वतीने ऐकणारा, तोलणारा आणि निर्णय देणारा एक अधिकारी तेथे सतत उपस्थित आहे.

या बदलाला केवळ लोकरंजनाची तडजोड म्हणता येणार नाही. तमिळमध्ये गुप्तहेरकथेची परंपरा तोपर्यंत अर्धशतकाच्या आसपासची होती. आरणी कुप्पुस्वामी मुदलियार, जे. आर. रंगराजू, वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार यांनी इंग्रजी कादंबऱ्यांचे धागे घेऊन तमिळ घरांची रहस्ये विणली होती. वडुवूर यांच्या 'दिगंबर सामियार'वरून १९५० मध्ये चित्रपटही निघाला होता. या वाचकवर्गाला उकल हवी होती. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूवर, झुंजारवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही अपेक्षा सहज उमगेल. 'अंद नाळ'ने आयात केलेल्या कथनपद्धतीला या देशी अपेक्षेच्या चौकटीत बसवले. त्यातून जे घडले ते 'राशोमोन'चे सौम्य रूप नसून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कुरोसावांचा प्रश्न मनुष्यस्वभावाविषयी होता. बालचंदर यांचा प्रश्न नागरिकाच्या निष्ठेविषयी आहे, आणि निष्ठेच्या प्रश्नाला १९५४ च्या भारतात अनिर्णीत ठेवणे शक्य नव्हते.

४

'अंद नाळ'मध्ये एकही गीत नाही, नृत्य नाही, मारामारी नाही. तमिळ बोलपटात गीतविरहित असा हा पहिला चित्रपट मानला जातो. हिंदीत बी. आर. चोप्रा यांचा 'कानून' हा गीतविरहित न्यायालयीन रहस्यपट यानंतर सहा वर्षांनी, १९६० मध्ये आला. विशेष म्हणजे गीतांना फाटा देणारे बालचंदर हे स्वतः पुढे वीणावादक म्हणून देशभर कीर्ती पावले. संगीत त्यांना वर्ज्य नव्हते; या कथेत ते नको, हा जाणीवपूर्वक निर्णय होता.

या निर्णयाला चित्रपटाच्या आशयात एक आधार सापडतो. राजन रेडिओ अभियंता आहे. सामान्य माणसाला परवडेल असा स्वस्त रेडिओ बनवण्याचे त्याचे स्वप्न सरकारी साहाय्याअभावी विफल होते आणि त्या वैफल्यातून तो शत्रूच्या आहारी जातो. गावोगावी आवाज पोहोचवू पाहणारा माणूस अखेरीस गुपिते पोहोचवणारा होतो. रेडिओ या यंत्राची ही दोन रूपे कथेच्या केंद्रस्थानी आहेत. १९५४ च्या प्रेक्षकासाठी रेडिओ म्हणजे प्रामुख्याने गीत. त्याच काळात बा. वि. केसकर हे मराठी विद्वान केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते (१९५२ ते १९६२) आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार होत होती. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाल्यावर ही कोंडी फुटली. केसकरांचे धोरण आणि बालचंदर यांचा निर्णय यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र या पार्श्वभूमीवर चित्रपटाचे वेगळेपण उठून दिसते. रेडिओवर वाजू शकेल असे काहीही या रेडिओच्या कथेत नाही. पहिल्या गोळीपासून प्रेक्षकाला बोलणे ऐकावे लागते आणि ऐकलेल्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवावे लागते. ज्या समाजाला कानावर पडणाऱ्या आवाजाने मोहून जाण्याची सवय होती, त्याला हा चित्रपट साक्षीदाराच्या जागी बसवतो. पहिल्या प्रदर्शनात त्याला व्यावसायिक यश मिळाले नाही, याचे नवल वाटू नये.

मराठीतून मद्रासकडे गेलेल्या एका रहस्यपटाचा दाखला येथे उपयुक्त ठरेल. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारलेला होता. त्यावरून १९६५ मध्ये तमिळ 'इदय कमलम' आणि १९६६ मध्ये हिंदी 'मेरा साया' निघाले. आपल्या दिवंगत पत्नीसारखी दिसणारी आरोपी स्त्री वकिलासमोर उभी राहते आणि अखेरीस तीच पत्नी असल्याचे सिद्ध होते, अशी ही कथा. तपासाअंती विवाह पुन्हा उभा राहतो. तीनही भाषांत ती गीतांसह सहज प्रवास करू शकली. कारण तिचा काळ कोणताही असू शकतो. 'अंद नाळ'मध्ये तपासाअंती घर मोडते, पत्नी गुन्हेगार ठरते, आणि या घटनेचे कारण एका शहराच्या एका दिवसाशी जखडलेले आहे. स्थलांतराला सुलभ रहस्य आणि स्थळकाळाला बांधलेले रहस्य असा एक भेद यातून हाती येतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ज्या कृती प्रवास करतात त्यांच्याकडे जितके लक्ष दिले, तितके ज्या प्रवास करीत नाहीत त्यांच्याकडे दिलेले नाही.

५

'त्या दिवसा'चा इतिहास चित्रपटापेक्षा गुंतागुंतीचा आहे. युद्धाने मद्रासला पूर्वीही स्पर्श केला होता. २२ सप्टेंबर १९१४ रोजी 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बंदराजवळच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि त्या नौकेचे नाव धूर्त, धाडसी माणसासाठी तमिळ बोलीत रुळले. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, विशाखापट्टणम, काकीनाडा येथे जपानी हल्ले झाल्यावर मद्रास मोठ्या प्रमाणावर रिकामे झाले. सरकारी कचेऱ्या आत हलवल्या गेल्या, प्राणिसंग्रहालयातील हिंस्र श्वापदांना गोळ्या घालण्यात आल्या. प्रत्यक्ष हल्ला झाला तो दीड वर्षाने, ऑक्टोबर १९४३ मध्ये, आणि त्याचे स्वरूप तुलनेने किरकोळ होते. भीती मोठी आणि आघात लहान, असा हा शहराचा अनुभव होता. चित्रपटाने त्या लहान आघाताची निवड करून त्याला नैतिक कसोटीचा क्षण बनवले.

परंतु याच ऑक्टोबरात, या हल्ल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूर येथे जपानच्या पाठिंब्याने आझाद हिंदचे हंगामी सरकार घोषित केले. मलायातील तमिळ मजूर मोठ्या संख्येने आझाद हिंद सेनेत दाखल झाले होते. झाशीची राणी पलटणीचे नेतृत्व करणाऱ्या कॅप्टन लक्ष्मी या मद्रासच्या. १९५४ मध्ये हा इतिहास ताजा होता आणि गौरवाचा होता. जपानशी हातमिळवणी करणारा माणूस देशद्रोही की देशभक्त, या प्रश्नाला तमिळ प्रेक्षकासमोर एकच उत्तर नव्हते. 'अंद नाळ'ने राजनच्या कृत्यामागे पैसा आणि दुखावलेला अहंकार ठेवून हा प्रश्न टाळला. राजनच्या तोंडी बोसांच्या मार्गाचे समर्थन असते, तर उषाच्या हातातील शस्त्राला वेगळेच वजन आले असते. तिची देशभक्ती नि:संदिग्ध राहावी म्हणून त्याचा द्रोह क्षुद्र करण्यात आला आहे. चित्रपटाची ही खरी मर्यादा होय.

याच्या मुळाशी तपास करणाऱ्याचे स्थान आहे. १९४३ चा गुन्हे अन्वेषण विभाग हा ब्रिटिश सत्तेचा विभाग होता; वर्षापूर्वीच्या 'चले जाव' आंदोलनात कार्यकर्त्यांचा माग काढणारी यंत्रणा ती हीच. शिवानंदम मात्र शांत, विवेकी, सत्यनिष्ठ अधिकारी म्हणून वावरतो. तो कोणत्या सरकारचा नोकर आहे हा प्रश्न कोणीही विचारत नाही. राजनला साहाय्य नाकारणारे सरकार आणि राजनच्या खुन्याला शोधणारे सरकार एकच आहे, हेही कथेत बोलले जात नाही. १९५४ च्या प्रजासत्ताकाचा पोलीस १९४३ च्या शहरात पाठवण्यात आला आहे. वेशभूषेतील कालविपर्यास चटकन दिसतो. हा कालविपर्यास दिसत नाही, कारण तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या निष्ठेशी जुळतो.

'ब्योमकेश बक्षी'च्या पहिल्या भागाशी याची तुलना उद्बोधक आहे. 'सत्यान्वेषी' या कथेत ब्योमकेश अतुल या खोट्या नावाने कलकत्त्यातील एका मेसमध्ये राहावयास येतो आणि कोकेनच्या व्यापाराचा सूत्रधार असलेल्या डॉक्टर अनुकूलबाबूंना उघडे पाडतो. हे तो पोलिसांच्या संमतीने करतो, पण स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेत नाही; 'सत्यान्वेषी' म्हणवतो. शरदिंदु बाबूंनी वसाहतकाळातच योजलेला हा शब्द एक अडचण मान्य करतो : परक्या सत्तेखाली सत्य शोधणाऱ्याने त्या सत्तेपासून निदान नावापुरते तरी अंतर राखले पाहिजे. १९९३ च्या मालिकेने ते नाव जपले; मात्र त्यामागची अडचण तोवर इतिहासजमा झाली होती, आणि प्रेक्षकाला ते नाव नायकाच्या नम्रतेचे चिन्ह वाटले. 'अंद नाळ'ला अशा शब्दाची गरजच भासली नाही. एकात अडचण शब्दापुरती उरली आहे, दुसऱ्यात ती पूर्णतः पुसली गेली आहे.

६

तरीही चित्रपट आपल्या मर्यादेपलीकडे जातो तो उषाच्या व्यक्तिरेखेमुळे. सर्वांचा संशय फिरत राहतो आणि कोणाचेही बोट तिच्याकडे वळत नाही, याचे कारण तिच्याविरुद्ध पुरावा नाही एवढेच नसते. ती पत्नी आहे. तमिळ कौटुंबिक चित्रपटाने रूढ केलेल्या संकेतानुसार मृत पतीच्या घरातील पत्नी शोक करण्यासाठी असते, संशयासाठी नसते. पंढरीबाईंचा सोज्ज्वळ चेहरा या संकेताला बळ देतो. म्हणून अपराध उघड होतो तेव्हा साक्षीदारांप्रमाणेच प्रेक्षकाची समजूतही दोषी ठरते. शिवानंदम कोणत्या सरकारचा नोकर आहे, हे चित्रपट सांगत नाही. उषा कोणाला उत्तरदायी आहे, हे मात्र तो स्पष्ट करतो. ती सरकारला किंवा घराला उत्तरदायी नाही. ज्या शहरावर काल बॉम्ब पडले त्या शहरातील माणसांना आहे. कायद्याच्या दृष्टीने तिचे कृत्य खून आहे, आणि तपासाचा शेवट तिला दोषी ठरवूनच होतो. तिला निर्दोष सोडणे किंवा तिचे कृत्य झाकणे असे दोन्ही सोपे मार्ग चित्रपटाने नाकारले आहेत.

गतकाळातील गुप्तहेरकथेची पारख करताना म्हणून दोन कसोट्या लावाव्या लागतात. गुन्ह्याचा हेतू त्या काळाबाहेर संभवतो काय, ही पहिली. शोध घेणारा त्या काळात कोणाचा आहे, ही दुसरी. पहिल्या कसोटीवर 'अंद नाळ' या प्रकारातील बहुतेक कृतींपेक्षा, अधिक खर्चाने आणि बारकाईने काळ उभा करणाऱ्या अनेक दूरचित्रवाणी मालिकांपेक्षाही, सरस ठरतो. दुसऱ्या कसोटीवर तो अपुरा पडतो, आणि त्याचे अपुरेपण हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचे साक्षीपत्र आहे. त्या दृष्टीने हा चित्रपट १९४३ च्या मद्रासविषयी जेवढे सांगतो, तेवढेच १९५४ च्या मद्रासविषयीही सांगतो.